नाशिकात प्लॉटला परवडणारं कुंपण: खांब, जाळी आणि तार कशी निवडावी

मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी फाटा किंवा त्याही पलीकडे दिंडोरी, सिन्नरकडे नवा प्लॉट घेतलेला माणूस कुंपणाच्या दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो, "शेठ, फुटाला काय भाव?" दुकानदार एक आकडा सांगतो. दुसरा त्याहून कमी सांगतो, तिसरा आणखी कमी. मग सगळ्यात स्वस्त आकडा पकडून काम दिलं जातं आणि दोन पावसाळ्यांत कोपऱ्याचे खांब आत झुकतात, जाळी ढिली पडते, खालून कुत्री येऊ लागतात.

फुटाच्या भावात तारेची जाडी, गंज रोखणारा जस्ताचा थर, खांबाची लांबी, खड्ड्याची खोली हे काहीच दिसत नाही. म्हणून नवख्या माणसाला माझं सांगणं असतं की माल किलोवर समजून घ्या, आणि हात आखडायचा असेल तर जाळीत आखडा, खांबात आखडू नका. जाळी पाच-सात वर्षांनी बदलता येते. वाकलेला खांब काँक्रीटसकट उपटून पुन्हा रोवणं म्हणजे सगळं काम नव्याने करणं. पुढे सगळं याच हिशोबाने, कामाच्या क्रमाने लिहिलं आहे.

आधी हद्द पक्की करा

कुंपण म्हणजे हद्दीबाबतचं तुमचं जाहीर म्हणणं. ते चुकीच्या रेषेवर उभं राहिलं तर शेजाऱ्याशी वाद होतो आणि खर्चही पाण्यात जातो. बिनशेती लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर नकाशा घ्या, कोपऱ्याचे दगड शोधा, टेपने चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. काटकोनी, आयताकृती प्लॉटचे कर्ण सारखे भरले नाहीत तर कुठला तरी दगड हललेला आहे. गट नंबरातली जमीन असेल, दगड सापडत नसतील किंवा शेजारी कुरकुरत असेल, तर भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करा. तो ई-मोजणीवर ऑनलाइन भरता येतो. फी भरल्यावर तारीख मिळते, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, मोजणी अधिकारी येऊन खुणा दाखवतात आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. वेळ लागतो, पण पुढच्या पिढीलाही उपयोगी पडणारा तो कागद आहे.

बांधावरून कुणाची जुनी वहिवाट असेल तर ती बंद करू नका. शेतात जाण्याचा रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. ओढा, चारी, पाटाचं पाणी यांचंही तसंच. पाण्याची वाट कुंपणाने अडली तर पहिल्याच मोठ्या पावसात ते कुंपण पाणी घेऊन जातं.

शहराच्या हद्दीत रस्त्याच्या बाजूला भरीव भिंत किंवा सिमेंटच्या तयार प्लेटांचं कंपाउंड घालायचं असेल तर उंचीचे नियम आहेत. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नाशिकलाही लागू आहे. तुमचा वास्तुविशारद किंवा महापालिकेचा नगररचना विभाग यांना आधी विचारा. रस्ता रुंदीकरणात जाणारी पट्टी असेल तर तिथे महागडं काम करण्यात अर्थ नाही.

कुणाला अडवायचं आहे?

या प्रश्नाचं उत्तर घरच्या घरी ठरवा, दुकानात नको. नुसती हद्द दाखवायची असेल तर खांब आणि चार-पाच ओळी काटेरी तार पुरते. गाई-म्हशी त्याने थांबतात, शेळ्या आणि कुत्री थांबत नाहीत. भाजीपाला, रोपं, कोंबड्या असतील तर जाळीच हवी. रानडुकरं येत असतील तर जाळीचा खालचा भाग भक्कम हवा, कारण डुक्कर उडी मारत नाही, मुसंडी मारून खालून उचकटतं. माणसांना अडवायचं असेल तर सहा फूट उंची आणि वर काटेरी तार.

बिबट्यासाठी मात्र कुंपणावर विसंबू नका. गोदावरी आणि दारणेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात तो आहे, आणि सहा फुटांची जाळी त्याला अवघड नाही. तिथे कुत्रं, शेळ्या, वासरं रात्री वरून छत असलेल्या बंद गोठ्यात ठेवणं हाच उपाय.

येवल्याकडे ममदापूर राखीव संवर्धन क्षेत्राच्या आसपास जमीन असेल तर एक विनंती आहे. तिथे काळविटं फिरतात आणि खालून निसटायला बघतात. सगळ्यात खालची ओळ काटेरी न ठेवता साध्या तारेची ठेवा. आणि कुठेही, कुणीही सांगितलं तरी, कुंपणात घरची वीज सोडू नका. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. सौर झटका यंत्र वेगळं असतं, ते क्षणभराचे ठोके देतं. तेही हवं असेल तर तयार, प्रमाणित यंत्रच घ्या आणि सूचनेच्या पाट्या लावा.

जमीन पाहून खांबाची लांबी ठरते

नाशिक जिल्ह्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन इतकी बदलते की एकाचा सल्ला दुसऱ्याला चालत नाही. निफाड, पिंपळगावच्या बाजूला खोल काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दरवर्षी या हालचालीत खांब थोडा थोडा सरकतो. तिथे दोन फूट खड्डा कमी पडतो. अडीच फूट किंवा खाली मुरूम लागेपर्यंत जा, आणि खड्डा तळाशी थोडा रुंद ठेवा म्हणजे काँक्रीटचा पाय मातीत अडकून बसतो. शहराच्या आसपासच्या माळांवर मुरूम लवकर लागतो. तो कुंपणाला उत्तम, दीड-दोन फुटांत काम होतं. काही प्लॉटांवर फूटभर खाली काळा पाषाण असतो. तिथे पहार चालत नाही, ब्रेकर मागवावा लागतो, आणि मजूर त्याचे पैसे वेगळे सांगतात. म्हणून काम ठरवण्याआधी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एक-दोन ठिकाणी खड्डा मारून पाहा.

इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला प्रश्न पावसाचा आहे. इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे लोखंड सिन्नर-येवल्यापेक्षा फार लवकर गंजतं. या भागात सिमेंटचे खांब किंवा चांगलं जस्त चढवलेले खांब घ्यावेत, रंग मारलेल्या साध्या अँगलच्या (एल आकाराच्या लोखंडी पट्टीच्या) फंदात पडू नये.

खांब: इथेच पैसे घाला

आपल्याकडे परवडणारे खांब तीन प्रकारचे मिळतात. सिमेंटचे, लोखंडी अँगलचे आणि जुने, म्हणजे वापरलेल्या अँगलचे.

सिमेंटचा खांब गंजत नाही, रंग लागत नाही, वाळवी लागत नाही. चार बाय चार इंची, आठ फुटी खांबाचं वजन साधारण ६० किलो भरतं. दोन माणसं लागतात आणि वाहतूक महाग पडते, म्हणून तुमच्या प्लॉटजवळचा कारखाना शोधा. खांब घेताना तीन गोष्टी पाहा. टोकाला आतल्या तारा किंवा सळया किती आहेत ते दिसतं, त्या चारही कोपऱ्यांत असायला हव्यात आणि कडेला उघड्या पडलेल्या नसाव्यात. अंगावर आडव्या बारीक भेगा असतील तर तो खांब बाजूला ठेवा. भेगेतून पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजून फुगतं आणि खांब फुटतो. तिसरी गोष्ट विचारून घ्यायची: कधी ओतलेत आणि किती दिवस पाणी मारलंय? काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. घाईच्या हंगामात आठवड्याभराचे ओले खांब गाडीत चढतात आणि उतरवतानाच तडकतात. तार ओवायला भोकं किंवा खाचा कुठे आहेत तेही पाहा, ती तुमच्या जाळीच्या उंचीशी जुळली पाहिजेत. उतरवताना मोडतोड धरून दोन-तीन खांब जास्त घ्या.

लोखंडी अँगल हलका, नेणं-आणणं सोपं, भोकं हवी तिथे पाडता येतात. जाळीच्या कुंपणाला ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल चांगला. त्याचं वजन मीटरला ३ किलो असतं. म्हणजे आठ फुटी खांब सव्वासात किलोच्या आसपास भरला पाहिजे. दुकानदार "चाळीसचाच आहे" म्हणतो तेव्हा तो बाहेरची रुंदी सांगतो, जाडी सांगत नाही. जाडी पाचाऐवजी तीन असली तर रुंदी तीच दिसते आणि वजन मात्र बरंच कमी भरतं. म्हणून एक खांब काट्यावर ठेवून बघाच. खालच्या टोकाला आडवी सळई वेल्ड करून घ्या किंवा टोक चिरून दोन्ही बाजूंना वाकवून घ्या. गुळगुळीत अँगल काँक्रीटमध्ये गोल फिरतो. रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या लाल रंगाचा) हात रोवण्याआधी द्यावा, आणि जमिनीलगतच्या वीतभर भागाला दोन हात, कारण गंज सगळ्यात आधी तिथेच धरतो.

आता जुने अँगल. नाशिककरांच्या हाताशी असलेली ही मोठी सोय आहे आणि बाहेरून आलेल्यांना ती ठाऊक नसते. द्राक्षबाग मांडवावर उभी असते आणि मांडव लोखंडी अँगल आणि तारांवर. बाग जुनी झाली, वाण बदलायचं ठरलं किंवा शेतकऱ्याने द्राक्ष सोडलं की तो सगळा सांगाडा विकायला निघतो. माल काढून झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला दिंडोरी, निफाड, ओझर, पिंपळगाव पट्ट्यात अशी विक्री चालू असते. गावातल्या शेती साहित्याच्या दुकानात, फॅब्रिकेशनवाल्याकडे चौकशी करा, पत्ता लागतो. भाव नव्यापेक्षा बराच खाली आणि भंगारापेक्षा वर असतो.

जुना माल पाहताना नजर जमिनीच्या रेषेवर ठेवा. खांबाचा जो भाग मातीच्या तोंडाशी होता तिथे गंजाचं कडं असतं. हातोडीचा ठोका मारा. पापुद्रे निघून लोखंड पातळ झालेलं दिसलं तर तेवढा तुकडा कापावा लागणार. आठ फुटांचा अँगल कापून सहा-साडेसहा फुटांवर आला तर तो सहा फुटी कुंपणाला चालत नाही, खांबाला तिरका टेकू म्हणजे सपोर्ट द्यायला चालतो. वाय पद्धतीच्या मांडवाच्या अँगलला वर दोन हात जोडलेले असतात, ते कापायची मजुरी धरा. कापलेला वरचा भाग वाया जात नाही, काटेरी तारेसाठी तिरपा हात म्हणून वापरता येतो. वजन भरताना माती, चिकटलेलं काँक्रीट झटकून घ्या, नाहीतर लोखंडाच्या भावाने दगड विकत घ्याल. आणि विकणाऱ्याकडून साध्या कागदावर का होईना सही घ्या. शेतातून अँगल आणि तारा चोरीला जातात, आपल्या कुंपणात कुणाच्या कष्टाचा चोरीचा माल नको.

जाळी आणि तार

प्लॉटच्या कुंपणाला बहुतेक जण चेन लिंक वापरतात, म्हणजे नागमोडी तारा एकमेकींत ओवलेली चौकटी जाळी. यात दोन आकडे महत्त्वाचे: गेज आणि भोक. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. ८ गेज म्हणजे साधारण ४ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सव्वातीन, १२ गेज म्हणजे २.६ आणि १४ गेज म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. भोक दोन, तीन किंवा चार इंची.

घराच्या प्लॉटला १२ गेज, तीन इंची जाळी पुरते. रस्त्याकडची बाजू किंवा गुरांचा त्रास असेल तिथे १० गेज. १४ गेज घेऊ नका. ती हाताने वाकते आणि गाईने अंग घासलं की पोट सुटतं. कोंबड्या किंवा लहान कुत्री असतील तर दोन इंची भोक.

वजनाचा हिशोब खिशात ठेवून जा. पाच फूट उंच, पन्नास फूट लांब, तीन इंची भोकाच्या एका बंडलाचं वजन १० गेजला ४० किलोच्या वर, १२ गेजला साधारण २७ ते २८ किलो आणि १४ गेजला १६ किलोच्या आसपास येतं. "बारा गेज" म्हणून दिलेलं बंडल वीस-बावीस किलो भरलं तर एकतर तार हलकी आहे किंवा भोक मोठं आहे. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) मिळाला तर दोन-तीन ठिकाणी तार मोजा. प्रामाणिक दुकानदार याचा राग मानत नाही, उलट स्वतःच काटा दाखवतो.

हिरव्या प्लास्टिकचं आवरण असलेली जाळी बागेत छान दिसते, पण तिच्यात एक गोम आहे. पुष्कळदा सांगितलेला गेज आवरणासकटचा असतो. आत तार दोन मिलिमीटरची, वर प्लास्टिक, आणि भाव जाड तारेचा. टोकाचं आवरण सोलून आतली तार मोजा. हलक्या प्रतीचं आवरण आपल्या उन्हात तडकतं आणि फटीतून पाणी आत शिरून गंज झाकलेला राहतो. मी स्वतः साधी, चांगल्या जस्ताची जाळी घ्यायला सांगते.

जस्त कसं ओळखायचं? तारेचं टोक घट्ट वाकवा. चांगला थर पापुद्रा सोडत नाही. हलका थर भुकटीसारखा सुटतो. जाळीसाठी आयएस २७२१ आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८ ही भारतीय मानकं आहेत, लेबलवर ती आहेत का पाहा. टाटा वायरॉनसारख्या नावाजलेल्या कंपनीची तार स्थानिक मालापेक्षा महाग पडते. सगळीकडे परवडत नसेल तर निदान ताणाच्या तारा, म्हणजे खांबांवर आडव्या ओढून ज्यांना जाळी बांधतात त्या, चांगल्या घ्या, कारण जाळीचा सगळा भार त्यांच्यावरच असतो.

काटेरी तार १२ बाय १४ ची घ्या, म्हणजे पिळाच्या दोन तारा १२ गेजच्या आणि काटे १४ गेजचे. काट्यांमध्ये तीन इंच अंतर असेल तर एका किलोत साधारण ९ मीटर येते. कुणी किलोत तेरा-चौदा मीटर देतो म्हणाला तर ती फायद्याची गोष्ट समजू नका, तार पातळ आहे.

तयार पॅनेल, प्लेटांचं कंपाउंड, बांबू

सिमेंटच्या खाचेदार खांबांत एकावर एक सरकवलेल्या प्लेटांचं कंपाउंड आता सगळीकडे दिसतं. भरीव आडोसा मिळतो आणि विटांच्या भिंतीपेक्षा काम झटपट होतं. पण भरीव असल्यामुळे वाऱ्याचा पूर्ण दाब खांबांवर येतो. उथळ खड्ड्यातलं असं कंपाउंड वळवाच्या वादळात आडवं झालेलं बघायचं असेल तर मे महिन्यात माळावर एक फेरी मारा. घ्यायचं तर फक्त रस्त्याकडच्या बाजूला, खोल पायासकट, आणि मागे-बाजूला जाळी.

वेल्ड केलेल्या जाळीची तयार पॅनेलं नीटनेटकी दिसतात. लहान बागेला, गच्चीला, बंगल्याच्या पुढच्या बाजूला ती योग्य. वेल्डिंग आधी आणि जस्त नंतर चढवलेलं असलं पाहिजे. उलट केलेलं असेल तर सांध्यांवर तपकिरी ठिपके दिसतात. चढ-उताराच्या जमिनीवर ही पॅनेलं पायऱ्यांसारखी बसवावी लागतात आणि खाली तिकोनी फटी राहतात.

बांबूचं कुंपण सगळ्यात स्वस्त. जमिनीतला भाग वाळवी खाते, म्हणून त्याला डांबर लावा आणि दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. लाकडी फळ्यांचं कुंपण आपल्या उन्हा-पावसात पैसे खातं, त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाच गुंठ्यांचा हिशोब

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पाच गुंठ्यांचा, ५५ बाय ९९ फुटी प्लॉट धरू. चारही बाजू मिळून ३०८ फूट. पुढच्या ५५ फुटी बाजूला मधोमध १२ फुटी गेट. उरलं २९६ फूट.

खांबांत आठ फुटांच्या आसपास अंतर ठेवायचं. दोन खांबांमधल्या जागेला गाळा म्हणतात. ९९ फुटी बाजूला प्रत्येकी १२ गाळे, मागे ७, पुढे गेटच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. एकूण ३७ गाळे, म्हणजे ३८ खांब. त्यातले दोन गेटचे, जाड. कंत्राटदार अंतर दहा-बारा फूट करून भाव कमी दाखवतात. तिथे मान डोलवू नका, त्या गाळ्यांत जाळी पोटात येते.

तिरके सपोर्ट: चार कोपऱ्यांना दोन-दोन म्हणजे ८, गेटच्या खांबांना एकेक म्हणजे २, आणि दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर दोन-दोन म्हणजे ४. एकूण १४. हा आकडा कोटेशनमध्ये शोधा. स्वस्त कोटेशनमध्ये सगळ्यात आधी हेच गायब असतात, आणि जाळीचा ताण सांभाळणारे तेच असतात.

उंची अशी: आठ फुटी खांब, दोन फूट जमिनीत, सहा फूट वर. पाच फूट जाळी आणि तिच्यावर दोन ओळी काटेरी तार. काळ्या मातीत अडीच फूट जाणार असाल तर साडेआठ फुटी खांब सांगा.

माल असा येतो:

- अँगल वापरला तर ३६ साधे खांब आणि १४ सपोर्ट, मिळून ५० नग, साधारण ३६५ किलो. गेटचे दोन खांब ५० बाय ५० बाय ६ चे, मिळून २२ किलो.
- १२ गेज, तीन इंची जाळी, ६ बंडलं, १६५ किलोच्या आसपास.
- ताणाच्या तीन ओळी, १० गेज तार, १८ किलो.
- काटेरी तार दोन ओळी, २० किलो.
- सिमेंट. एक फूट बाय एक फूट बाय दोन फूट खोल खड्ड्याला १:३:६ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये पाव गोणी लागते. खांबांना दहा गोण्या, सपोर्टना दोन.

लोखंडाचा भाव आठवड्यागणिक हलतो, म्हणून इथे रुपये लिहिले नाहीत. हे किलो घेऊन ज्या दिवशी जाल त्या दिवसाच्या भावाने गुणा. अंबड, सातपूरच्या बाजूचे लोखंडाचे व्यापारी, तुमच्या रस्त्यावरचं हार्डवेअर आणि तालुक्याचं शेती साहित्याचं दुकान, अशा तीन ठिकाणी तोच कागद दाखवा. आता तिन्ही भाव एकाच मालाचे असतील आणि तुलना खरी होईल.

भाव करताना

तीन गोष्टी आधी विचारा: भाव जीएसटीसकट आहे का, गाडीभाडं आणि हमाली कुणाकडे, आणि उरलेलं न उघडलेलं बंडल परत घेणार का. पक्कं बिल मागा आणि बिलावर गेज, भोक, वजन लिहून घ्या. "जाळी ६ नग" एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीच्या वेळी काही कामाचं नाही. माल साइटवर उतरताना कुणीतरी घरचं माणूस हजर ठेवा.

रोवणीची मजुरी रनिंग फुटावर ठरते. त्यात खड्डे, काँक्रीट, ताण, गेट बसवणं आणि पाणी मारणं काय काय धरलंय ते बोलून घ्या. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. एक हप्ता माल आल्यावर, दुसरा खांब उभे राहिल्यावर आणि शेवटचा जाळी ताणून झाल्यावर.

वेळ दिवाळीनंतरची चांगली. जमिनीत ओल असते, खड्डे सोपे जातात, काँक्रीट लवकर सुकून जात नाही. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते आणि जुलैत गाडी रुतते.

रोवणी

आधी चार कोपऱ्यांचे आणि गेटचे खांब. ते ओळंब्यात उभे करून त्यांच्यामध्ये दोरी, खाली एक आणि वर एक, आणि मधले खांब दोरीला लावून. खड्ड्याच्या तळाशी थोडी खडी किंवा मुरूम टाकून ठोका, म्हणजे पाणी साचत नाही. काँक्रीटचं डोकं जमिनीच्या दोन बोटं वर आणि बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा. लोखंडी खांबाचं आयुष्य या उतारानेच वाढतं.

मग थांबा. इथेच घाई होते, कारण मजुरांना त्याच दिवशी जाळी लावून दुसऱ्या कामावर जायचं असतं. निदान आठवडाभर रोज पाणी मारा आणि त्यानंतरच ताण द्या. ओल्या काँक्रीटवर ताण दिला की कोपऱ्याचा खांब आत येतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.

ताणाच्या तीन तारा वर, मध्ये आणि खाली. आधी त्या पुलरने (तार ताणायच्या अवजाराने) ओढून घ्या, मग जाळी उभी करून एका टोकाला बांधून दुसऱ्या टोकाकडून ओढा. बंडलाला बंडल जोडताना एक तार फिरवत काढून दोन्ही जाळ्यांत पुन्हा ओवतात, तिथे दुहेरी जाळी लागत नाही. जाळी बांधायला जस्ताचीच तार वापरा. सळया बांधायची काळी बायंडिंग वायर एका पावसाळ्यात गंजते, आणि मजुरांच्या खिशात नेमकी तीच असते. खालून कुत्री उकरत असतील तर जाळीचा वीतभर भाग मातीत पुरा किंवा खालून दगडांची एक ओळ काँक्रीटमध्ये बसवा.

गेट शेवटी. १२ फुटी गेट दोन झडपांचं करा, एकाच झडपेचं केलं तर तिचं वजन बिजागरीला पेलत नाही. गेटच्या खांबाला अडीच-तीन फूट खड्डा.

मागच्या बाजूला जिवंत कुंपण

पैसे कमी पडत असतील तर तीन बाजू जाळीच्या करा आणि मागे सध्या चार ओळी काटेरी तार लावून तिच्या आधाराने झाडं लावा. कोयनेल फांद्यांवरून लागते, गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि छाटली की दाट होते. मेंदी कमी पाण्यावर येते. करवंद हळू वाढतं, पण एकदा दाट झालं की त्याच्या काट्यांतून कुणी येत नाही, शिवाय उन्हाळ्यात मुलांना फळं. सिन्नरसारख्या कोरड्या भागात हीच निवड करा. शेर झटपट वाढतो, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, लहान मुलं असलेल्या घराने तो टाळावा. गिरिपुष्पाचे हातभर-दोन हात दांडे पहिल्या पावसानंतर तारेलगत फूटभर अंतरावर खोचा, पाला खताला होतो. ही झाडं जून-जुलैत लावा आणि पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा तरी पाणी द्या. दोन-तीन वर्षांत दाट झाली की त्या बाजूला जाळी घ्यायची गरज उरत नाही.

पहिला पावसाळा संपला की कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारा. जमीन बसते, एखादा सपोर्ट सैल होतो, तारा ढिल्या पडतात. कोपऱ्यांवर पुन्हा ताण द्या, खांबाभोवती मातीत फट पडली असेल तर मुरूम ठोकून भरा आणि अँगलच्या बुडाशी रंग उडालेला दिसला तर त्याच आठवड्यात खरवडून रेड ऑक्साइड लावा.